कंट्रोल दाबल्यावर बिटांचं काय होतं?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, नवखा माणूस मजकूर कॉपी करायला कंट्रोल-सी दाबतो आणि चालू प्रोग्रॅमच बंद पडतो. मग खापर लिनक्सवर! पण कंट्रोल-सीने प्रोग्रॅम थांबवायची रीत कॉपी-पेस्टच्या आधीची आहे.

मुळाशी आहे आस्की, १९६३ साली अमेरिकेत ठरलेली, अक्षरांना क्रमांक देणारी सात बिटांची (शून्य-एकच्या सात घरांची) संकेतपद्धती. तिच्यातले ० ते ३१ हे क्रमांक अक्षरांचे नाहीत, ते यंत्राला द्यायचे हुकूम आहेत. ७ म्हणजे घंटा वाजव, १३ म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जा. आता एवढ्या हुकमांसाठी वेगळ्या कळा कुठे बसवणार? म्हणून एकच कंट्रोल कळ, आणि तिचं काम एकच: सोबतच्या अक्षराचे वरचे दोन बिट शून्य करायचे. मोठा सी म्हणजे ६७, बायनरीत १००००११. वरचे दोन बिट पुसले की उरतात ०००००११, म्हणजे ३. छोटा सी ९९, म्हणजे ११०००११. तोही पुसून ३ च! हाच हिशेब एम (७७) वर केला की १३ मिळतात आणि आय (७३) वर केला की ९. १३ म्हणजे एंटर, ९ म्हणजे टॅब. म्हणून साध्या टर्मिनलला टॅब आणि कंट्रोल-आय यांतला फरक कळतच नाही. दोन्हीकडून येतो तोच बाइट, म्हणजे तोच क्रमांक. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

हा बाइट आधी पोचतो कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) टर्मिनल ड्रायव्हरकडे, म्हणजे टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाकडे. ३ आला की तोच चालू प्रोग्रॅमला थांबायचा इशारा देतो. इतरही काही बाइट तो स्वतःच हाताळतो. पडताळायचं असेल तर नुसतं कॅट (टाइप केलेली ओळ तशीच परत दाखवणारी आज्ञा) चालवा, चार शब्द टाइप करा आणि कंट्रोल-यू दाबा. ओळ पुसली जाईल. डावा बाण दाबलात तर मात्र पडद्यावर चिन्हांचा कचरा उमटेल, कारण बाण म्हणजे २७, ९१, ६८ असे तीन बाइट आणि ड्रायव्हरला त्यांचा अर्थ ठाऊक नाही.

तो अर्थ लावते रीडलाइन. ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, ब्रायन फॉक्स यांनी लिहिली. १९८९ मध्ये आलेलं बॅश हे शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, तेही त्यांचंच, आणि त्यात ओळ वाचायला रीडलाइनच असते. रीडलाइन प्रत्येक बाइट स्वतःच वाचते. तिच्या कळा ईमॅक्स संपादकाच्या वळणाच्या: कंट्रोल-एने ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल-ईने शेवटी. कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द उडतो, कंट्रोल-यूने कर्सरच्या मागचं सगळं. पण इथे उडवलेला मजकूर जपून ठेवलेला असतो, कंट्रोल-वायने तो परत येतो. कॅटमध्ये गेला तो गेलाच.

'हॅकर लोकांचे गुप्त शॉर्टकट' अशा व्हिडिओंचा हल्ली सुळसुळाट आहे. गुप्त कसले? बॅशच्या माहितीपुस्तिकेत सगळे ओळीने दिलेत. त्यातला एकच शिकायचा तर कंट्रोल-आर शिका: जुन्या आज्ञेतली दोन-चार अक्षरं टाइप केली की ती अख्खी आज्ञा समोर येते. नको असेल तर कंट्रोल-जी. जी म्हणजे ७१. वरचे बिट पुसा, उरतात ७.