महिला क्रिकेट: खेळ जुना, प्रेक्षक नवे

२४ फेब्रुवारी २०१० ला ग्वाल्हेरमध्ये सचिनने पॉइंटकडे चेंडू ढकलून एक धाव काढली आणि एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक पूर्ण झालं, हे आपल्याला पाठ आहे. पहिलं द्विशतक खरं तर त्याआधी बारा वर्षांपूर्वीच झालं होतं. तारीख १६ डिसेंबर १९९७, ठिकाण वांद्रे पूर्वेचं एमआयजी क्लबचं मैदान, म्हणजे सचिन ज्या भागात वाढला तोच भाग. ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा केल्या. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४१२, डेन्मार्क सर्वबाद ४९. समोरचा संघ अगदीच दुबळा होता, कबूल. पण विश्वचषकाचा अधिकृत सामना होता तो. मुंबईत झालेला हा विक्रम मुंबईकरांच्याही लक्षात नाही.

महिलांचा सामना बघताना आपण डोक्यात दुसराच एक सामना चालू ठेवतो. हा चेंडू बुमराने टाकला असता तर? हा फटका रोहितचा असता तर कुठे पडला असता? ही तुलना टीव्हीबरोबर आली असं वाटेल, पण ती महिला क्रिकेटच्या पहिल्या बातमीइतकी जुनी आहे. २६ जुलै १७४५ ला इंग्लंडमध्ये गिल्डफर्डजवळच्या गॉस्डेन कॉमनवर ब्रॅमली आणि हॅम्बल्डन या दोन गावांच्या मुलींचा सामना झाला. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला एकीकडे निळ्या फिती, दुसरीकडे लाल. हॅम्बल्डनच्या मुली १२७ विरुद्ध ११९ अशा जिंकल्या. ‘रेडिंग मर्क्युरी’ने बातमी दिली, आणि तिच्यात बातमीदाराने शेरा मारलाच की मुलींनी गोलंदाजी, फलंदाजी, धावणं, झेल घेणं हे सगळं बहुतेक पुरुषांच्या तोडीनं केलं. महिला क्रिकेटची सर्वांत जुनी ज्ञात बातमी, आणि मोजपट्टी पुरुषांची. पावणेतीनशे वर्षांत तेवढं फारसं बदललेलं नाही.

पुढची पावणेदोनशे वर्षं भराभर ओलांडायला हरकत नाही. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये महिलांची क्रिकेट संघटना निघाली आणि डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिस्बेनला पहिली महिला कसोटी झाली. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ४७ धावांत आटोपला. मर्टल मॅक्लॅगनने दहा धावांत सात बळी घेतले. इंग्लंड नऊ गडी राखून जिंकलं.

ऑस्ट्रेलियाच्या बेटी विल्सनपाशी मात्र थांबायला हवं. फेब्रुवारी १९५८, मेलबर्नमधलं सेंट किल्डाचं मैदान. ऑस्ट्रेलियाचा डाव अवघ्या ३८ धावांत संपला होता. बेटीने उत्तरादाखल सात धावांत सात बळी घेतले, त्यात महिला कसोटीतली पहिली हॅटट्रिक होती, आणि इंग्लंडला ३५ वर गुंडाळलं. मग दुसऱ्या डावात शतक ठोकलं आणि आणखी चार बळी काढले. एकाच कसोटीत शतक आणि दहा बळी ही कामगिरी तोवर कोणीच केली नव्हती, ना बाईने ना पुरुषाने. पुरुषांमध्ये ती पहिल्यांदा इयन बोथमने केली, १९८० मध्ये, वानखेडेवर.

चित्रण नसलेली खेळी लोक विसरतात, असं सांगितलं जातं. कपिल देवची १९८३ मधली टनब्रिज वेल्सची नाबाद १७५ कोणी चित्रित केलेली नाही, तरी ती आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. तेव्हा कॅमेऱ्यावर सगळा दोष टाकता येत नाही. गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारी माणसं लागतात, आणि बेटी विल्सनला ती मिळाली नाहीत.

विश्वचषकाचंही तेच. पुरुषांचा पहिला १९७५ मध्ये झाला, महिलांचा त्याच्या दोन वर्षं आधी. इंग्लंडची कर्णधार रेचल हेहो फ्लिंटने कल्पना लावून धरली, जॅक हेवर्ड या उद्योगपतीने ४० हजार पौंड दिले आणि १९७३ मध्ये इंग्लंडच्या मुलींनी घरच्या मैदानावर चषक जिंकला. आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० सुद्धा बायकांनी आधी खेळून दाखवली, ऑगस्ट २००४ मध्ये होव्हला. पुरुषांची पहिली त्यानंतर सहा महिन्यांनी ऑकलंडला. तरीही नुसतं ‘विश्वचषक’ म्हटलं की पुरुषांचा, आणि दुसऱ्याच्या मागे ‘महिला’ हा शब्द लावायचा. (भाषेपुरतं मराठीचं एक बरं आहे. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या, लॉर्ड्सच्या एमसीसी क्लबला नियमांतला ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ लिहायला २०२१ साल उजाडलं; आपला ‘फलंदाज’ तो, ती दोघांनाही पहिल्यापासून चालतो. ‘सामनावीरा’ने मात्र घोटाळा केला आहे.)

आपल्याकडची सुरुवातही १९७३ ची. लखनौमध्ये महेंद्रकुमार शर्मांनी भारतीय महिला क्रिकेट संघटना काढली आणि त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली. संघ तीनच: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन वर्षांत शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूरला पहिली कसोटी झाली आणि त्याच मालिकेत पाटण्याला पहिला विजयही मिळाला. १९७८ चा विश्वचषक तर भारतातच झाला. या मुली विनाआरक्षण डब्यातून प्रवास करत, शाळा-वसतिगृहांच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपत. पुढे रेल्वेने अनेकींना नोकऱ्या दिल्या. पोट त्यावर चालायचं, क्रिकेटवर नव्हे.

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताच्या डायना एडलजीला लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिलं नाही. बायकांना तिथे मज्जाव होता. एमसीसीने नाव बदलून एमसीपी करावं, म्हणजे ‘मेल शॉव्हिनिस्ट पिग्ज’, असं ती म्हणाली. एमसीसीने महिलांना सभासदत्व देण्याचा ठराव १९९८ मध्ये संमत केला.

२००५ मध्ये महिलांची जागतिक संघटना आयसीसीत विलीन झाली आणि २००६ मध्ये भारतातला कारभार बीसीसीआयकडे गेला. तेव्हा जुन्या संघटनेची सचिव होती पुण्याची शुभांगी कुलकर्णी, १९७६ च्या पहिल्या कसोटीतली लेगस्पिनर. श्रीमंत घरी नांदायला गेलेल्या या खेळाचं पुढे काय झालं? २००६ नंतर भारताच्या मुली पुढची कसोटी थेट ऑगस्ट २०१४ मध्ये खेळल्या. वार्षिक करार मिळायला २०१५ उजाडलं. मिताली राजची कसोटी कारकीर्द २००२ ते २०२१ अशी जवळपास वीस वर्षांची, आणि सामने किती? बारा. पुरुष खेळाडूंशी तिची तुलना करणाऱ्यांनी हा आकडा आधी समोर ठेवावा.

आता राहिला ‘वेग नाही, ताकद नाही’ हा नेहमीचा सूर. खेळपट्टी दोघांनाही बावीस यार्डांचीच. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा, पुरुषांचा १५६ ते १६३. महिलांची सीमारेषा साधारण ५५ ते ६४ मीटरवर, पुरुषांची ५९ ते ८२ वर. वेगही सरासरीने कमीच. शबनिम इस्माइलने मार्च २०२४ मध्ये डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिलांच्या प्रीमियर लीगमध्ये, ताशी १३२.१ किलोमीटरचा चेंडू टाकला तेव्हा त्याची बातमी झाली. फरक आहे, आणि तो नाकारण्यात काही अर्थ नाही. पण त्या फरकामुळे पडद्यावर जे वेगळं दिसतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

कीपरकडे बघा. पुरुषांच्या सामन्यात मध्यमगती गोलंदाजाला कीपर बहुधा मागे उभा असतो. इथे ती कितीदा तरी स्टंपला चिकटून उभी असते. इंग्लंडची सारा टेलर अशी उभी राहून लेगसाइडला निसटणारा चेंडू पकडायची आणि त्याच हालचालीत बेल्स उडवायची. चेंडू येताना मध्ये फलंदाजाचं अंग, म्हणजे तो क्षणभर दिसतही नाही. फलंदाजाला त्यामुळे क्रीझ सोडून पुढे यायची हिंमत होत नाही आणि सगळा डावच निराळ्या चालीने जातो.

किंवा २१ फेब्रुवारी २०२०, सिडनी, ट्वेंटी-२० विश्वचषक. भारताच्या फक्त १३२ धावा आणि समोर घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलिया. पूनम यादव, पाच फुटांच्या आतबाहेरची लेगस्पिनर, चेंडू इतका वर आणि इतका सावकाश सोडायची की तो खाली येईस्तोवर फलंदाजाचे दोन विचार करून होत. हीलीचा फटका तिच्याच हातात विसावला. हेन्स पुढे सरसावली आणि यष्टिचीत झाली. पुढच्याच चेंडूवर गुगलीने एलिस पेरीचा त्रिफळा उडाला. १९ धावांत ४ बळी. हॅटट्रिक एका सुटलेल्या झेलामुळे हुकली. एवढ्या मंद चेंडूची पुरुषांच्या ट्वेंटी-२० मध्ये कल्पनाही करवत नाही. जुन्या माणसांना मात्र तो ओळखीचा वाटला असेल, कारण चेंडूला उंची देऊन फलंदाजाला फसवणं ही फिरकीची मूळ कला, आणि ती बघायला आता इकडेच यावं लागतं.

प्रेक्षक वळले ते २०१७ पासून. विश्वचषकाच्या डर्बीतल्या उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११५ चेंडूंत नाबाद १७१ केल्या आणि टीव्हीसमोर माणसं गोळा झाली. लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात २२९ चा पाठलाग करताना ३ बाद १९१ वरून आपण २१९ वर संपलो. हरल्यावर लोक हळहळले, चिडले, कोणी काय चूक केली यावर वाद घातले. महिला संघाच्या पराभवावर एवढी भांडणं त्याआधी मी तरी ऐकली नव्हती. २०२० मध्ये मेलबर्नला ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८६,१७४ प्रेक्षक आले. २०२२ मध्ये बीसीसीआयने सामन्याचं मानधन पुरुषांइतकं केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, ट्वेंटी-२० ला ३ लाख. वार्षिक करारांच्या रकमांतली दरी कायम राहिली, हेही सांगायला हवं. २०२३ मध्ये डब्ल्यूपीएल आली. पाच संघ ४,६६९.९९ कोटींना विकले गेले.

आणि मग २०२५ चा विश्वचषक. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाचे ३३८ जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ मुळे पार झाले. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अंतिम सामना. शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ धावा आणि पाच बळी, आणि शेवटचा झेल मागे पळत घेणारी हरमनप्रीत. ५२ धावांनी विजय. त्या झेलावरून लगेच १९८३ च्या कपिलची आठवण निघाली, म्हणजे तुलना तिथेही सुटली नाही. फक्त या वेळी ती कौतुकाची होती.

मध्यरात्र उलटल्यावर खेळाडूंनी चषक निवृत्त झालेल्या मिताली आणि झूलन गोस्वामीच्या हातात दिला. झूलन रडत होती. ती पहिल्यांदा विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हजर होती ती २९ डिसेंबर १९९७ ला, ईडन गार्डन्सवर, सीमारेषेबाहेर चेंडू परत टाकणारी मुलगी म्हणून. त्या दिवशी चषक उचलला बेलिंडा क्लार्कने, वांद्र्यातल्या त्या २२९ नंतर तेरा दिवसांनी.