वरची तार दुप्पट पळते

हिंगणघाटहून भाच्याचा फोन आला. "मामाजी, कार्बनची चाकं घेऊ का? दुकानवाला म्हणते, सायकल पळत नाही, उडते." रिम, म्हणजे टायर बसतो ती कडा, आसाच्या दिशेने ५० मिलिमीटर उंच. किंमत अशी, की तेवढ्यात जुनी मोटरसायकल यावी.

मी त्याला म्हटलं, आधी रस्त्याच्या कडेला उभा राहा आणि समोरून आडव्या जाणाऱ्या सायकलचं चाक बघ. खालच्या तारा सुट्या दिसतात, वरच्या पुसट. चाक तर एकच! पण टायर जिथे जमिनीला टेकतो तो बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो. नसता तर टायर घासत गेला असता. मधला आस सायकलच्या वेगाने जातो आणि चाकाचा माथा दुप्पट वेगाने. बंडीच्या चाकाचंही तेच, फक्त ती इतकी हळू चालते की डोळ्याला कळत नाही.

म्हणजे सायकल ताशी ३० किलोमीटरने चालली, तर माथ्याजवळच्या तारा जवळपास ६० ने हवा कापतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तिथे तो चौपटीच्या घरात. उंच रिममुळे नेमक्या याच पट्ट्यातली तार जाऊन गुळगुळीत भिंत येते. टायरवरून फुटलेली हवा रिमच्या निमुळत्या पोटाला धरून सरकते, मागे भोवरे कमी होतात. वारा दहा-पंधरा अंश तिरपा आला, तर या आकारावर विमानाच्या पंखासारखं उत्थापक बल तयार होतं आणि त्याचा थोडा घटक पुढच्या दिशेने पडतो. 'उडते' यातलं खरं एवढंच. उरलेला मोठा घटक आडवा ढकलतो. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, दोन्हीकडे मोकळी पऱ्हाटी आणि शेजारून ट्रक गेला, की हँडलला बसणारा हिसका तो हाच.

आता हिशेब. हवेच्या विरोधात दोन्ही चाकांचा वाटा साधारण दहावा. सगळ्यात मोठा वाटा स्वाराच्या अंगाचा. १९८९ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत ग्रेग लेमाँड हा अमेरिकन स्वार शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता. हात पुढे जवळ घेता येतील असं हँडल लावून तो २४.५ किलोमीटर पळाला आणि शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. शिवाय हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते: २० च्या जागी ४० चा वेग, तर आठपट. भाचा चालवतो २२ ने.

तरी चाकं विकली जातात हवेची बाधा उतरवणाऱ्या गंड्यासारखी. मे महिन्यात ४५ अंशांत आपली हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. या फुकटच्या फायद्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

भाच्याला सांगितलं, तो फडफडणारा शर्ट बदल, कोपरं वाकवून बस आणि टायर चांगले घे. "अन् चाकं?" त्याने विचारलं. म्हटलं, ३५ ने तासभर चालवून दाखव, मग बोलू.