एपिडेमिऑलॉजिस्ट आणि क्लिनिकल एपिडेमिऑलॉजिस्ट: एक गावाचा, दुसरा खाटेशेजारचा

कोविडच्या काळात टीव्हीवर साथरोगतज्ज्ञ, म्हणजे एपिडेमिऑलॉजिस्ट, सतत दिसायचे. त्यामुळे एखाद्या प्राध्यापक डॉक्टरच्या नावापुढे ‘क्लिनिकल एपिडेमिऑलॉजी’ दिसलं की हेही साथीचेच डॉक्टर, असं आपण धरून चालतो. पण या दोघांचं काम बरंच वेगळं आहे.

एपिडेमिऑलॉजिस्टचा रुग्ण म्हणजे अख्खी वस्ती, आणि तिथे साथ असायलाच हवी असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि नेहमीच्याच सेवा असलेल्या 47 गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत 39 गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला. उत्तर मिळालं ते गावांच्या आकड्यांत.

क्लिनिकल एपिडेमिऑलॉजिस्टसमोर एकच माणूस असतो. तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे याला आजार आहेच का? या गोळीने याचा किती फायदा होईल, त्रास किती? गट पाडून तुलना करायची रीत तीच, पण निष्कर्ष वापरायचा तो या एका माणसासाठी.

डॉ. डेव्हिड सॅकेट यांच्या कारकिर्दीत हे स्वच्छ दिसतं. हे मूळचे शिकागोचे फिजिशियन. क्युबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगात त्यांना अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत बोलावलं गेलं, बफेलोला नेमणूक झाली आणि तिथे ते एपिडेमिऑलॉजीत शिरले. हीच पद्धत वॉर्डात वापरता येईल, हे त्यांनी ओळखलं. 1967 मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात क्लिनिकल एपिडेमिऑलॉजीचा विभाग उभा केला.

त्यांच्या गटाचा 1978 चा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पोलाद कारखान्यातल्या कामगारांचा रक्तदाब तपासला गेला. किती जणांचा वाढलेला आहे हे मोजून थांबता आलं असतं. या मंडळींनी पुढचं विचारलं: ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगितल्यावर त्या माणसाचं काय होतं? कामावरच्या गैरहजेऱ्या वाढल्या. औषध सुरू झालं की नाही, बीपी आटोक्यात आलं की नाही, याच्याशी त्या वाढीचा संबंध दिसला नाही. निदान ऐकण्याचाही परिणाम होतो, तोही मोजता येतो, आणि डॉक्टरने तो मोजायला हवा.

रुग्णाशी नाळ तुटू नये याची सॅकेट यांना किती फिकीर होती! आपलं वैद्यकीय ज्ञान जुनं झालंय असं वाटल्यावर एकोणपन्नासाव्या वर्षी, प्राध्यापक असूनही, त्यांनी मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात राबून घ्यायचं प्रशिक्षण, पुन्हा केली. 1994 मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तिथे वॉर्डाच्या राउंडसाठी त्यांनी एक ढकलगाडी सजवली होती: लॅपटॉप, प्रोजेक्टर, पडदा आणि संशोधनाचे सारांश. रुग्णाबद्दल शंका आली की पुरावा काही सेकंदांत समोर. गाडी बोजड होती, अगदी खाटेपर्यंत नेणं जमेना. पण ती काढून घेतल्यावर जे दिसलं ते बोलकं होतं: पुराव्याची गरज डॉक्टरांना आधीपेक्षा जास्त भासू लागली, आणि शोध मात्र त्यातल्या जेमतेम 12 टक्के वेळा घेतला गेला.