करबलेच्या जियारतीसाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि घ्यावयाची काळजी

इराकमधील करबला येथे प्रेषित मुहंमद यांचे नातू इमाम हुसैन यांच्या रौजाची (समाधीची) जियारत, म्हणजे दर्शनयात्रा, करू इच्छिणाऱ्यांनी सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की, या यात्रेची व्यवस्था हजसारखी नसते. हज कमिटी ऑफ इंडियाचा या यात्रेशी संबंध नाही; तिच्यासाठी कोटा नाही, सोडत नाही आणि वर्षातील एकच ठरावीक काळही नाही. त्यामुळे मुंबईतील डोंगरी असो की ठाणे जिल्ह्यातील मुंब्रा, येथील जायरीन (जियारतीचे यात्रेकरू) बहुतेक वेळा जमातीच्या किंवा खासगी टूर कंपनीच्या काफिल्यातून, म्हणजे यात्रेच्या गटातून, जातात आणि कागदपत्रांची सगळी कामे काफिलाप्रमुखावर सोपवून मोकळे होतात. सोय म्हणून हे ठीक आहे. परंतु अर्जात आपल्या नावाने काय भरले जाते, याला कायद्याने जबाबदार अर्जदारच असतो. म्हणून अर्ज सादर होण्यापूर्वी तो स्वतः वाचावा.

पात्रतेच्या अटी थोड्याच आहेत. भारतीय नागरिकाकडे प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट असावा आणि त्यात कोरी पाने शिल्लक असावीत. लहान मुलांचे नाव आईवडिलांच्या पासपोर्टवर चालत नाही, तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच सादर करावे लागते. पासपोर्टसाठी पोलीस पडताळणीचा अवधी धरावा लागत असल्याने, मोहरम किंवा अरबईन (इमामांच्या शहादतीनंतरचा चाळिसावा दिवस) गाठायचे असेल तर हे काम काही महिने आधीच उरकावे.

व्हिसाच्या बाबतीत दोन मार्ग आहेत. इराकने २०२५ पासून ई-व्हिसाची पद्धत सुरू केली आहे आणि त्यासाठी पासपोर्टच्या माहितीच्या पानाची स्वच्छ प्रत, अलीकडचे छायाचित्र, राहण्याचा पत्ता आणि आरोग्य विमा लागतो. काफिल्याचा व्हिसा मात्र बहुधा इराकमधील यात्रा कंपनीमार्फत सामूहिक स्वरूपात निघतो. त्या यादीतील नावाची अक्षरे आणि पासपोर्टवरील अक्षरे तंतोतंत जुळतात का, हे प्रत्येकाने पाहावे, कारण एका अक्षराच्या फरकाने विमानतळावर अडवले जाऊ शकते. सामूहिक व्हिसावर गेलेल्यांनी गटासोबतच परतणे अपेक्षित असते. कुर्दिस्तान प्रादेशिक सरकारचा व्हिसा करबला, नजफ किंवा बगदादसाठी चालत नाही; कुर्दिस्तानच्या राजधानीतून, अर्बिलमार्गे, स्वस्त प्रवास सुचवणाऱ्याला व्हिसा कोणता, हा प्रश्न अवश्य विचारावा.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जियारतीच्या व्हिसावर इराकमध्ये नोकरी करता येत नाही. इराक हा भारताच्या ‘ईसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी तपासणी लागणाऱ्या) यादीतील देश आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या, म्हणजे ईसीआर पासपोर्ट असलेल्या व्यक्तीला तेथे नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी मंजुरी घ्यावी लागते, जियारतीला ती लागत नाही. नेमक्या याच फरकाचा गैरफायदा घेऊन ‘जियारतीला चला, तिथे काम लावून देतो’ असे सांगणारे दलाल असतात. इमामांच्या नावाने होणारी ही फसवणूक आहे आणि तिला बळी पडलेला माणूस परदेशात बेकायदा ठरतो.

पैशांविषयी थोडक्यात: रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार इराकला जाणाऱ्यास रोख परकीय चलन ५,००० डॉलरपर्यंत नेता येते, अन्य बहुतेक देशांसाठी ही मर्यादा ३,००० डॉलर आहे. टूर पॅकेजवर घेतलेला टीसीएस (विक्रेत्याने वसूल केलेला आगाऊ कर) आयकर विवरणपत्रात दाखवता येतो, त्यासाठी पावती जपून ठेवावी.

करबलेत पोहोचल्यावर रौजात प्रवेशासाठी कोणताही अर्ज नाही, मात्र श्रद्धेची परवानगी आहे. दारात थांबून ‘इज़्न-ए-दुखूल’ ही प्रवेशाची अनुमती मागणारी दुआ पढली जाते. अनेकजण त्याआधी गुस्ल (धार्मिक स्नान) करतात, मग जरीहपाशी (कबरीभोवतीच्या जाळीपाशी) सलाम करून जियारतीची दुआ पढतात आणि दोन रकात (नमाजचे आवर्तन) नमाज अदा करतात. प्रवासात नमाज कसर, म्हणजे संक्षिप्त, होते. तरी इमाम हुसैन यांच्या हरममध्ये (रौजाच्या पवित्र परिसरात) ती पूर्ण पढण्याची मुभा शिया फिकहमध्ये (धर्मशास्त्रात) आहे. न येऊ शकलेल्या नातलगांच्या वतीने, ‘नियाबत’ म्हणून, जियारत करण्याची प्रथाही मोठी आहे. स्त्रियांना चादर किंवा अबाया आवश्यक असतो. समोरच इमामांचे सावत्र भाऊ हजरत अब्बास यांचा रौजा आहे आणि दोहोंमधील ‘बैनुल हरमैन’ हे मोकळे प्रांगण. हिजरी ६१ च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, १० ऑक्टोबर ६८० रोजी, ज्या मैदानात इमाम आणि त्यांचे साथीदार शहीद झाले, तेच हे स्थळ असल्याने येथे येणाऱ्याचे मन भरून येते, आणि अशा अवस्थेत सामानाकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे.

अरबईनच्या, म्हणजे हिजरी सफर महिन्याच्या २० तारखेच्या, काळात अधिक सावध राहावे. २०२४ मध्ये हजरत अब्बास यांच्या रौजाच्या व्यवस्थापनाने २ कोटींहून अधिक जायरीनची नोंद केली. सद्दाम हुसेनच्या राजवटीत दडपली गेलेली नजफ ते करबला ही सुमारे ८० किलोमीटरची पदयात्रा २००३ नंतर पुन्हा मोकळेपणाने होऊ लागली. वाटेवरच्या ‘मौकिब’ नावाच्या तंबूंमध्ये जेवण, पाणी आणि निवारा विनामूल्य मिळतो. रस्त्यालगतच्या खांबांवर क्रमांक आहेत. चुकामूक झाल्यास भेटण्याचा खांब कुटुंबाने निघण्यापूर्वीच ठरवावा. या काळासाठी इराक सरकार व्हिसाविषयी स्वतंत्र सूचना काढते, त्यामुळे मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबून तिकीट काढू नये.

रोजच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचे तिकीट यांच्या प्रती स्वतःच्या पिशवीत, फोनमध्ये आणि घरच्यांकडे असाव्यात. काफिलाप्रमुखाने पासपोर्ट एकत्र जमा करून घेतल्यास त्याची लेखी पोच मागावी. पासपोर्ट हरवल्यास स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत, जुन्या पासपोर्टची प्रत आणि छायाचित्रांसह बगदाद येथील भारतीय दूतावासाकडे आपत्कालीन प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. हे प्रमाणपत्र केवळ भारतात परतण्यासाठी वापरता येते.