कीबोर्डवरची बासरी आणि फुंकेचा प्रश्न

ऑर्केस्ट्रात बासरी, सनई कीबोर्डवाल्यानेच काढायची, हे आता कुणाला खटकत नाही. प्रथाही जुनी. 1954च्या ‘नागिन’मधली पुंगी म्हणजे खरं तर क्लॅव्हिओलिन आणि पेटी. क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारं छोटं कीबोर्ड 1947 साली फ्रान्समध्ये आलं. एकावेळी एकच सूर देणाऱ्या या वाद्याचा आवाज गुडघ्याने दांडी ढकलून चढवायचा. बोटं सुरावर, फुंक गुडघ्यात!

1983च्या डीएक्स-7 या यामाहाच्या कीबोर्डला ब्रेथ कंट्रोलर, म्हणजे फुंकेने आवाज हलवणारा तुकडा, जोडता यायचा. तो ओठांत धरून फुंकायचं. मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांची हुकुमांची भाषा, तिच्या तक्त्यात क्रमांक 2 आजही श्वासाचाच आहे, पण ब्रेथ कंट्रोलर जोडायची खाच पुढे बहुतेक कीबोर्डांवरून गेली. गिऱ्हाईक थोडं, हा हिशेब समजतो. नुकसान मात्र नेमकं बासरी वाजवणाऱ्यांचं झालं.

उरलं ‘एक्स्प्रेशन’. हा शब्द फार घोळ घालतो. गायकाच्या तोंडी त्याचा अर्थ भाव. पेडलवर लिहिलेला असतो तेव्हा मिडीचा क्रमांक 11. क्रमांक 7, म्हणजे व्हॉल्यूम, एकदा लावून ठेवायचा आणि त्या मर्यादेत 11ने चढउतार करायचा. पण बासरीत जोराने फुंकलं की सूर नुसता मोठा होत नाही. तो उजळतो, आणखी जोर दिला तर वरच्या सप्तकात उडी मारतो. साध्या टोनवर पेडल फक्त आवाज वाढवतो, म्हणून बासरीवाला माइकपासून लांब जाऊन परत येतोय असं वाटतं. पट्टीवरचा जोर, व्हेलॉसिटी, तर सूर सुरू होतानाच मोजला जातो; फुंक सूर चालू असताना बदलते.

1987च्या डी-50 या रोलँडच्या कीबोर्डने सुराच्या सुरुवातीपुरते खरे नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे, वापरले. 1994च्या यामाहा व्हीएल-1ने नमुने सोडून नळी आणि पत्तीतल्या हवेचं गणितच मांडलं, आणि तिथे पुन्हा ब्रेथ कंट्रोलर लागला. 2005च्या यामाहा टायरॉस-2 कीबोर्डवर सूर जोडून वाजवला की वाद्य आपणहून वेगळा नमुना उचलतं. स्टेजवर हेच जास्त कामाला येतं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, अजून डाव्या हाताच्या बेंडरवरच, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या चाकावर किंवा दांडीवरच. सहसा तो दोन अर्धस्वर सरकतो, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंत. ग गाठायचा तर रेंज वाढवावी लागते. मग बेंडर केसभर जास्त सरकला तरी सनई गंधार सोडून मध्यमाकडे निघते, आणि मांडवातले पेटीवाले मागे वळून बघतात.