दिव्यांग-भेदभावाच्या तक्रारींतून सार्वजनिक संस्थांची सुधारणा (गोवा)

दिव्यांग व्यक्तीने भेदभावाची तक्रार केल्यावर त्या एका व्यक्तीपुरती दाद देऊन न थांबता, संस्थेने त्या तक्रारीच्या आधारे आपले नियम, इमारत, अर्जांचे नमुने आणि कर्मचाऱ्यांची वागणूक बदलावी, अशी ही कार्यपद्धती आहे. चाकाच्या खुर्चीतून आलेल्या अर्जदाराला चौघांनी उचलून वरच्या मजल्यावर नेले, दाखला हातात दिला, की फाइलवर ‘निकाली’ असा शेरा पडतो. पुढच्या अर्जदारासमोर पायऱ्या तशाच असतात. परक्या माणसांनी उचलून नेण्यातला अपमान तर कागदावर कुठेच येत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आहेत. गरजेनुसार वाजवी सोय करून न देणे हाही भेदभावच, असे त्याची व्याख्या सांगते. त्यामुळे ‘आमचा हेतू वाईट नव्हता’ एवढ्या उत्तराने संस्थेची सुटका होत नाही.

नोकरीतील भेदभावासाठी कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी आणि समाधान न झाल्यास जिल्हा समितीकडे जाता यावे, अशी तरतूद आहे. अधिकाऱ्याने ठेवायच्या नोंदवहीत तारीख, तक्रारदाराचे नाव, घटनेचे ठिकाण, तक्रारीचा सारांश, निकालाची तारीख असे रकाने आहेत. तक्रारीनंतर कचेरीत काय बदलले, यासाठी रकाना नाही. माझ्या मते हीच या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव आहे. शेवटी ‘इतर माहिती’ला जागा असते. ती जागा या कामासाठी वापरायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही, आणि वर्षाअखेरीस सगळ्या नोंदी एकत्र वाचल्या तर एकाच खिडकीबद्दल किंवा एकाच अर्जाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे गाऱ्हाणे आपोआप उठून दिसते.

खिडकीवरून परत पाठवलेला सामान्य नागरिक राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे जातो. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केले ते कळवायचे असते. शिफारस मान्य नसेल तर कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही द्यावी लागतात. आयुक्तांचा वार्षिक अहवाल विधिमंडळासमोर, म्हणजे गोव्यात पर्वरीच्या विधानसभेत, कार्यवाहीच्या निवेदनासह ठेवावा लागतो. एका गावातली तक्रार साऱ्या राज्याची होण्याचा मार्ग इथून जातो.

एका तक्रारीचा पल्ला किती लांब असू शकतो, हे जीजा घोष खटल्यात दिसले. फेब्रुवारी २०१२ मध्ये मेंदूचा पक्षाघात असलेल्या घोष गोव्यातील एका परिषदेसाठी कोलकात्याहून निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना उतरवण्यात आले आणि परिषद हुकली. दिव्यांग प्रवाशांविषयीचे नियम २००८ पासूनच अस्तित्वात होते. पाळले गेले नव्हते. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा लाख रुपये भरपाई तर दिलीच, शिवाय नियमावलीत राहिलेल्या उणिवांकडेही लक्ष वेधले.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. एका पंचायतीविरुद्धची तक्रार खरी ठरली तर उरलेल्या १९० पंचायतींना ती कळायला हवी. नाव वगळून घटना सांगणारे साधे परिपत्रक पुरते, पण त्यात ‘योग्य ती काळजी घ्यावी’ एवढेच लिहिलेले नसावे. कोणती पायरी, कोणता फॉर्म, कोणता प्रश्न विचारला गेला, हे त्यात असावे. नाव वगळणे इथे फार महत्त्वाचे आहे. राज्य लहान, पंच, सचिव, तक्रारदाराचा शेजारी सगळे एकमेकांना ओळखतात. उद्या याच माणसाकडे रहिवासी दाखला मागायचा आहे, या विचाराने कित्येकजण तक्रारच करत नाहीत किंवा केलेली मागे घेतात. मागे घेतलेली तक्रारही वाचावी आणि ती का मागे घेतली, हे आपुलकीने विचारावे.

काहींच्या तक्रारी तर कागदापर्यंत पोचतच नाहीत: अंथरुणाला खिळलेले, बौद्धिक दिव्यांगत्व असलेले, किंवा सांकेतिक भाषेत बोलणारे कर्णबधिर, ज्यांना दुभाषा मिळत नाही. त्यांच्या बाबतीत कोरी नोंदवही हा भेदभाव नसल्याचा पुरावा मानता येत नाही. अशा वेळी अधिकाऱ्यानेच विशेष शाळांच्या पालकसभांत, दिव्यांगांच्या संघटनांच्या बैठकांत जाऊन विचारायचे असते. दुभाषा सोबत न्यायचा, सांगणाऱ्याचे म्हणणे कोकणीत किंवा मराठीत, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, आणि लेखी अर्जासारखाच त्यालाही नोंद क्रमांक द्यायचा.