घसा उघडा, तरी श्वास नाही: सेंट्रल स्लीप अ‍ॅप्नियाचं मशीन निवडताना

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबणं. त्यावर मास्कमधून दाबाने हवा देणारी सीपॅप, बायपॅप अशी मशीनं वापरतात. ‘सीपॅपने भागत नाही? मग बायपॅप घ्या’ हा सल्ला घरातही मिळतो आणि दुकानातही. घशात अडथळा येऊन घोरणाऱ्यांच्या बाबतीत तो एक वेळ खपून जाईल. सेंट्रल स्लीप अ‍ॅप्नियात मात्र चुकीचं बायपॅप दुखणं वाढवू शकतं.

इथे घसा उघडाच असतो, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूम सुटत नाही. झोपेच्या तपासणीत छाती-पोटावरचे पट्टे १० सेकंद किंवा जास्त वेळ निश्चल राहतात. अडथळ्याच्या प्रकारात ते धडपडत असतात.

हुकूम का अडतो? गाढ झोपेत श्वासाची सूत्रं मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडकडे असतात. तो नेहमीच्या पातळीपेक्षा ३ ते ५ मिमी पारा इतका घसरला, तरी लंबमज्जा, म्हणजे मेंदूतलं श्वासाचं केंद्र, गप्प बसू शकते. (‘रोज प्राणायाम करतो, मला अ‍ॅप्निया कसा होईल?’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. प्राणायाम जागेपणी, इच्छेने होतो. झोपेत इच्छाही झोपलेली असते.)

पावसाळ्यात सोसायटीच्या तळघरातलं पाणी उपसणारा पंप आठवा. बटण वरच्या केबिनमध्ये वॉचमनजवळ. पाणी किती ते सांगायला एक पोरगा जिना चढून येतो. तो चपळ असेल तर पातळी एकसारखी राहते. रमतगमत आला तर निरोप पोचेपर्यंत पाणी गुडघ्याला लागतं. वॉचमन घाबरून पंप पूर्ण वेगात सोडतो आणि ‘संपलं’ हे कळेपर्यंत तळ कोरडा पडलेला असतो. मग पंप बंद, पाणी पुन्हा चढतं. पाणी म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पंप म्हणजे श्वास, पोरगा म्हणजे रक्तप्रवाह, वॉचमन म्हणजे मेंदू. हृदय दुर्बळ झालं की फुप्फुसातली खबर मेंदूकडे उशिरा जाते. श्वास चढतो, ओसरतो, थांबतो. एक फेरा साधारण मिनिटभराचा. हे चेन-स्टोक्स श्वसन. लेहला ३,५०० मीटरवर धडधाकट पर्यटकाचाही श्वास रात्री असा हेलकावतो, पण तिथे पोरगा चपळच असतो; विरळ हवेने वॉचमन उतावळा झालेला असतो.

आता मशीनं. सीपॅप एकच दाब देतं. काहींना ते पुरतं. अडथळ्यासाठी सीपॅप सुरू केल्यावर नव्याने दिसणारे सेंट्रल अ‍ॅप्निया तर पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतात, म्हणून लगेच मशीन बदलू नये. साधं बायपॅप, म्हणजे ‘एस’ मोड, श्वास घेताना दाब वाढवतं. म्हणजे पंपच मोठा केला! कार्बन डायऑक्साइड आणखी धुतला जातो, आणि श्वास थांबला की मशीनही रुग्णाची वाट पाहत बसतं. ‘एसटी’ मोड ठरावीक वेळेत श्वास आला नाही तर स्वतः देतो. अफूवर्गीय वेदनाशामकांमुळे श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साचणाऱ्यांना तो उपयोगी पडतो.

एएसव्ही, म्हणजे श्वासाप्रमाणे आपला दाब बदलणारं मशीन, सगळ्यांत हुशार. गेल्या काही मिनिटांच्या श्वासाची सरासरी धरून ते दर श्वासाला आधार कमी-जास्त करतं, उदाहरणार्थ ३ ते १५ सेंमी पाण्याच्या दाबाइतका. पण ते घेण्याआधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवीच. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाचा डावा कप्पा एका ठोक्यात त्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते) ४५ टक्के किंवा कमी असलेल्या १,३२५ रुग्णांवरच्या सर्व्ह-एचएफ चाचणीत (२०१५) एएसव्ही गटात हृदयविकाराचे मृत्यू वाढले. पुढे वेगळ्या बनावटीच्या एएसव्हीवर झालेल्या अ‍ॅडव्हेंट-एचएफ चाचणीत तशी वाढ दिसली नाही. तरीही अशा रुग्णासाठी हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच व्हावा.

मास्क गळत असेल तर एएसव्हीचा हिशेबच चुकतो. म्हणून महिनाभराने मशीनच्या मेमरी कार्डावर नोंदलेली गळती आणि उरलेले सेंट्रल अ‍ॅप्निया हे दोन्ही आकडे पाहा. गळती जास्त असेल तर दाबाला हात लावण्याआधी मास्कची उशी आणि पट्टे तपासा.